गोंड्याचे लोफर घेताना: नवा जोड, वापरलेला जोड आणि मापाचा घोळ

तुळशीचं लग्न लागलं की इंदूरमध्ये कार्यालयांच्या तारखा मिळेनाशा होतात. नेमक्या त्याच दिवसांत ओळखीतल्या कुणाकुणाचे फोन येतात: "काका, ते गोंडेवाले बूट घ्यायचेत, कुठले घेऊ?" दरवेळी फोनवर अर्धा तास बोलतो, तरी काहीतरी सांगायचं राहून जातंच. म्हणून सगळं एकदा लिहून काढतोय.

मी आजवर पाच जोड घेतले. त्यातले दोन वाया गेले. पहिला ऑनलाइन मागवला होता, माझ्या नेहमीच्या आठ नंबरचा. घरी सतरंजीवर चालून पाहिला तेव्हा छान वाटला. भाच्याच्या साखरपुड्याला कार्यालयाचा जिना चढताना मात्र पायरीगणिक टाच बाहेर येत होती. दुसरा जोड वापरलेला होता, दिसायला कोरा करकरीत. तीन तासांत त्याच्या सोलचे बिस्किटासारखे तुकडे पडले. उरलेले तीन आजही वापरतो, आणि त्यातले दोन माझ्याआधी दुसऱ्या कुणाच्या तरी पायात होते.

लेसचा बूट थोडा सैल असला तर लेस आवळून वेळ निभते. लोफरला आवळायला काहीच नसतं, पाय धरून ठेवायचं सगळं काम माप करतं. म्हणून खाली मापावर मी सगळ्यात जास्त लिहिलंय. ते वाचायचा कंटाळा करू नका.

१. आधी बूट ओळखा

टॅसल लोफर म्हणजे बिनलेसचा चामडी बूट. पुढच्या भागावर उंचावलेली गोल शिवण, तोंडाच्या कडेने ओवलेली चामड्याची बारीक वाधी, आणि वाधीची दोन टोकं पुढे येऊन त्यांना लोंबणारे दोन गोंडे. ही वाधी बहुतेक जोडांत शोभेची असते. ती ओढून बूट घट्ट करायचा प्रयत्न करू नका, काठ चुरगळतो आणि गोंड्याची गाठ सुटते.

हा प्रकार रूढ झाला अमेरिकेत. मॅसॅच्युसेट्समधल्या ऑल्डन कंपनीने १९५० च्या सुमारास तो बाजारात आणला आणि १९५७ मध्ये ब्रूक्स ब्रदर्स या कपड्यांच्या कंपनीने आपल्या दुकानांत ठेवला. तेव्हापासून वकील आणि ऑफिसात जाणारी मंडळी तो सुटावर घालत आली आहेत. त्यामुळे सुटावर लोफर चालतो का, ही शंका मनातून काढून टाका.

पहिला जोड गडद तपकिरी किंवा गडद मरून घ्या. काळा कोर्टात आणि ऑफिसात शोभतो, पण जीन्सवर किंवा फिक्या पँटवर उपरा वाटतो. स्वेड (मखमलीसारखी लव असलेलं चामडं) दिसायला देखणं असतं, मात्र आपल्याकडची धूळ आणि चार महिन्यांचा पाऊस बघता पहिल्या जोडासाठी ते नको.

२. पायाचं माप घरीच घ्या

साहित्य एवढंच: दोन कोरे कागद, पेन्सिल, पट्टी, शिंप्याची टेप आणि जे मोजे घालणार आहात तेच मोजे.

माप संध्याकाळी घ्या. दिवसभर उभं राहून, चालून पाय थोडे सुजलेले असतात आणि लग्नाचं रिसेप्शनही संध्याकाळीच असतं. कागद भिंतीला टेकवून जमिनीवर ठेवा, टाच भिंतीला लावा आणि सरळ उभे राहा. बसून घेतलेलं माप कमी येतं. पेन्सिल उभी धरून सर्वात लांब बोटापुढे खूण करा. पुष्कळांच्या पायात अंगठ्यापेक्षा शेजारचं बोट लांब असतं, तेव्हा नीट बघा. मग चवड्याच्या सर्वात रुंद भागाभोवती टेप फिरवून घेर मोजा. दोन्ही पायांची मापं घ्या, ती क्वचितच सारखी येतात. मोठ्या पायाचं माप धरायचं.

हे आकडे फोनमध्ये लिहून ठेवा. पुढे विक्रेत्याशी बोलताना "मला आठ लागतो" म्हणण्यापेक्षा "माझं पाऊल साडेसव्वीस सेंटिमीटर आहे" हे वाक्य दसपट कामाचं आहे.

३. आकड्यांचा घोळ समजून घ्या

सगळ्यात जास्त पैसे इथे बुडतात.

आपल्या दुकानांतला सहा, सात, आठ हा आकडा ब्रिटिश पद्धतीचा. त्यात एका नंबराचा फरक एक तृतीयांश इंच, म्हणजे साधारण साडेआठ मिलिमीटर. अर्धा नंबर म्हणजे सव्वाचार मिलिमीटर. युरोपचा चाळीस, एक्केचाळीस, बेचाळीस हा वेगळा हिशोब, त्यात एक नंबर सुमारे पावणेसात मिलिमीटरचा. दोन्ही जिने वेगळ्या उंचीच्या पायऱ्यांचे असल्यामुळे तक्त्यातला बदल कधीच काटेकोर जुळत नाही. अमेरिकी आकडा ब्रिटिश आकड्याहून साधारण एकाने मोठा असतो, काही कंपन्यांत अर्ध्याने. म्हणजे अमेरिकी नऊ हा आपला आठ किंवा साडेआठ.

रुंदीची अक्षरं याहून फसवी. अमेरिकेत पुरुषांची नेहमीची रुंदी 'डी' आणि 'ई' म्हणजे रुंद. इंग्लंडमध्ये क्रॉकेट अँड जोन्सची नेहमीची रुंदी 'ई', तर चर्चेस आणि लोक (Loake) या कंपन्यांची 'एफ'. तेच अक्षर, पण देशागणिक आणि कंपनीगणिक अर्थ निराळा. माझ्या एका मित्राने इंग्लंडमधला 'ई' ठीक बसतो म्हणून अमेरिकी 'ई' मागवला. तो इतका रुंद निघाला की शेवटी त्याच्या थोरल्या भावाला द्यावा लागला.

एकाच कंपनीचे दोन आठ नंबरही वेगळे बसू शकतात, कारण बूट ज्या लाकडी किंवा प्लास्टिकच्या कलबुतावर चढवून बनतो त्याचा आकार वेगळा असतो. बाजारात कलबुताला 'फर्मा' म्हणतात. चांगल्या जोडांत फर्म्याचं नाव किंवा क्रमांक आतल्या बाजूला लिहिलेला असतो. जो जोड तुम्हाला नीट बसतो त्याचा फर्मा टिपून ठेवा.

आणखी एक. पुष्कळांना लोफर आपल्या लेसच्या बुटापेक्षा अर्धा नंबर लहान लागतो. मला लागतो. तुम्हाला लागेलच असं नाही, पण दुकानात गेल्यावर अर्धा नंबर खालचाही घालून पाहा.

४. नवा जोड दुकानात घालून पाहा

पहिला जोड ऑनलाइन घेऊ नका, एवढं माझं ऐका. राजवाड्याच्या आसपासची जुनी दुकानं असोत, एम.जी. रोड असो की मॉल, कुठेही जा. पण संध्याकाळी जा, गर्दीच्या रविवारी नको, म्हणजे दुकानदाराला तीन-चार जोड काढायला सवड असते. काही न घेता घालून पाहायला संकोच वाटत असेल तर मोज्यांचा जोड विकत घ्या.

बूट शूहॉर्नने (टाच आत सरकवायच्या पट्टीने) घाला आणि दुकानातल्या गालिच्यावर न चालता उघड्या फरशीवर चाला. जिना असेल तर वर-खाली करा. माझी पहिली चूक जिन्याने पकडली असती. मग हे बघा:

टाचेमागे करंगळी सहज सरकली तर जोड मोठा. नवा जोड, विशेषतः चामडी सोलचा, ताठ असतो, त्यामुळे सुरुवातीला टाच किंचित उचलली जाते आणि सोल वाकायला लागला की ते थांबतं. पण टाच पार बाहेर येत असेल तर ते कधीच थांबणार नाही.

बोटं पुढे टेकता कामा नयेत. चामडं रुंदीत सैल होतं, लांबीत वाढत नाही. म्हणून पायाच्या वरच्या भागावर घट्ट पकड असेल तर चालेल, पाय बधिर व्हायला लागला तर नाही. अंगठा टेकत असेल तर "दोन दिवसांत बसेल" हे कुणाचंही ऐकू नका.

घोट्याखाली बुटाचा काठ पायापासून सुटून होडीसारखा उघडा दिसत असेल तर फर्मा तुमच्या पायाचा नाही. आणि पाऊल वाकवल्यावर सुरकुती जिथे तुमचा चवडा वाकतो तिथेच पडायला हवी.

किमान दहा मिनिटं घालून ठेवा. पाय खोटं बोलत नाही, फक्त सांगायला थोडा वेळ घेतो.

बिलाबद्दल: २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजारांपर्यंतच्या जोडावर ५ टक्के आणि त्याहून महाग जोडावर १८ टक्के जीएसटी आहे. छापील किमतीत कर आधीच धरलेला असतो, तेव्हा "बिल नको असेल तर कर वाचेल" या बोलण्याला भुलू नका. बिल आणि डब्यावरचं लेबल जपून ठेवा. महिन्याभरात शिवण उसवली तर हातात तोच पुरावा असतो. दुकानदार दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते.

५. सोल कसा जोडलाय ते बघा

तीन पद्धती ओळखता आल्या तरी पुरे.

चिकटवलेला सोल: कुठेही खरी शिवण नाही. स्वस्त आणि हलका, पण सुटला की पुन्हा चिकटवणं एवढाच उपाय.

ब्लेक शिवण: टाके बुटाच्या आतून थेट सोलमध्ये जातात. सुकतळ्यावरचा पातळ थर उचलला की आत टाक्यांची रांग दिसते. लोफरसाठी ही पद्धत फार वापरतात, कारण बूट लवचिक आणि सडपातळ राहतो. सोल बदलता येतो. फक्त पाणी शिवणीतून आत यायची शक्यता जास्त.

गुडइयर वेल्ट: बुटाच्या कडेने चामड्याची पट्टी फिरवून तिला सोल शिवलेला असतो. जड असतो, पण सोल एकापेक्षा जास्त वेळा बदलता येतो. वापरलेला जोड घ्यायचा असेल तर मी शक्यतो हाच बघतो.

सापळा असा की चिकटवलेल्या सोलवरही नक्षीसारखे टाके छापलेले असतात. खऱ्या शिवणीत दोरा चामड्यात रुतलेला दिसतो आणि टाके पट्टीवर जसे असतात तसे बहुधा सोलच्या खालीही, निदान त्यासाठी कोरलेल्या खाचेत, असतात. पट्टी प्लास्टिकसारखी चकचकीत आणि अखंड साच्यातली वाटली तर शोभेची समजा.

६. चामडं पारखा

अंगठ्याने दाबा. खऱ्या चामड्यावर बारीक, अनियमित सुरकुत्या उमटतात आणि बोट काढलं की विरतात. कापलेली कड दिसत असेल तर तिथे तंतू दिसतील. रेग्झिनच्या कडेला कापडाचा थर दिसतो. गोंड्याची टोकं यासाठी उत्तम जागा आहे, कारण तिथे कड उघडीच असते. वासावर विसंबू नका, वास फवारताही येतो.

फार गुळगुळीत, आरशासारखं चामडं बहुधा वरून घासून रंगाचा थर दिलेलं असतं. नवं असताना देखणं, पण वाकतं त्या जागी तो थर तडकतो.

युरोपात विकल्या जाणाऱ्या बुटांवर छोटी चिन्हं असतात. पसरलेल्या कातड्याचा आकार म्हणजे चामडं, साधा चौकोनी हिरा म्हणजे इतर साहित्य, जाळी म्हणजे कापड, आणि कातड्याच्या आकारात हिरा असेल तर वर थर दिलेलं चामडं. वरचा भाग, अस्तर आणि सोल अशा तिन्हींसाठी वेगळं चिन्ह असतं, फक्त पहिलं बघून खूश होऊ नका.

घरात गायीच्या किंवा वासराच्या चामड्याला आक्षेप असेल तर दुकानातच स्पष्ट विचारा. म्हशीच्या आणि शेळीच्या चामड्याचेही चांगले जोड मिळतात. घरी आणल्यावर कळणं कुणालाच बरं वाटत नाही.

देशी पर्याय कमी नाहीत. आग्रा आणि कानपूर ही जुनी केंद्रं, तमिळनाडूतल्या अंबूर आणि राणीपेटच्या टॅनऱ्यांचं चामडं जगभर जातं, आणि चेन्नईची ब्रिडलेन वेल्टचे बूट बनवते. आपल्या शेजारच्या देवासमध्येही टाटांचा चामड्याचा मोठा कारखाना होता. पहिला जोड देशीच घ्या. माप कळेपर्यंत महाग चूक करू नये.

७. वापरलेला जोड: पैसे देण्याआधी

वापरलेल्या बुटाला नाक मुरडणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. आमच्या आईनेही मुरडलं होतं. मी त्यांना एवढंच सांगतो की चांगल्या वेल्टचा, नीट जपलेला जोड दहा वर्षांनीही नव्या मध्यम जोडापेक्षा सरस असतो. मात्र मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झाली असेल तर वापरलेला जोड अजिबात घेऊ नका. दुसऱ्याच्या पायाने पडलेला खड्डा कुठे घासतोय हे तुम्हाला कळणार नाही.

विक्रेत्याकडे हे फोटो मागा, आणि दिवसाच्या उजेडातले मागा:

- सोल खालून, दोन्ही बूट शेजारी
- टाच मागून, डोळ्याच्या पातळीवर
- टाचेच्या आतलं अस्तर
- आतला आकडा, अक्षर आणि फर्मा
- चवड्यावरच्या सुरकुत्या जवळून
- सुकतळ्यावर टेप ठेवून लांबी, आणि सोलची सर्वात रुंद जागा
- दोन्ही गोंडे

सुरकुती चालते, चीर चालत नाही. चामडं आडवं तडकलं की त्यावर इलाज नाही, मलम भरून विकतात ते महिन्याभरात उघडं पडतं. टाचेच्या मागचा ताठ भाग मोडला असेल, म्हणजे बूट मागून बघितला तर खाली बसल्यासारखा किंवा एका बाजूला कललेला दिसत असेल, तर सोडून द्या. आतलं अस्तर थोडं फाटलं असेल तर मोची ठिगळ लावून देतो. जोड हातात आल्यावर सोल चवड्याच्या मधोमध अंगठ्याने दाबा: मऊ लागला तर तो झिजून पातळ झालाय, सोल बदलण्याचा खर्च किमतीत धरा. सुकतळ्यावर बोटांचे खोल ठसे असतील आणि ते तुमच्या बोटांशी जुळत नसतील तर तो जोड तुम्हाला कायम टोचेल.

आता माझ्या बिस्किटासारख्या सोलबद्दल. तो पॉलियुरेथेनचा होता. ही फेसाळ, हलकी सोल हवेतल्या ओलाव्याने हळूहळू विघटित होते, आणि बूट कपाटात नुसता पडून असला तरी होते. म्हणून "दहा वर्षांपूर्वी घेतला, एकदाही घातला नाही" हे वाक्य ऐकून मी आता सावध होतो. चामडी किंवा खऱ्या रबराच्या सोलला ही भीती फार कमी.

किमतीचा माझा नियम असा: जोडाची किंमत, टपाल, सोल-टाचेची दुरुस्ती, सगळं मिळून त्याच प्रकारच्या नव्या जोडाच्या निम्म्याहून जास्त होत असेल तर नवाच घ्यावा. आणि ज्या फर्म्याचा बूट कधी पायात घातलेला नाही, तो वापरलेला मागवू नये.

८. परदेशातून मागवायचा असेल तर

लागणारी कागदपत्रं: खरेदीची पावती, पैसे दिल्याचा पुरावा, आणि कुरिअर कंपनी मागते ते ओळखपत्र, बहुधा आधार किंवा पॅन. नाव आणि पत्ता पावतीवर आणि ओळखपत्रावर सारखाच हवा, नाहीतर पार्सल अडकतं.

सीमाशुल्क लागतं. "भाऊ गिफ्ट म्हणून पाठवेल, मग काही लागत नाही" हा समज अजून पुष्कळ घरांत आहे. डिसेंबर २०१९ पासून राखी आणि जीवनरक्षक औषधं सोडून भेटवस्तूंची ती सूट बंद झाली आहे. मागवण्याआधी त्या दिवसाचा दर बघून किंमत मोजा.

घरचं कुणी तिकडे असेल तर जोड त्यांच्या पत्त्यावर घेऊन येताना बॅगेतून आणायला सांगणं सोपं पडतं. त्यातही एक खाच आहे. परत करायची मुदत पार्सल तिथे पोचल्यापासून मोजली जाते, तुमच्या पायात पडल्यापासून नाही. म्हणून पार्सल मिळाल्याच दिवशी टेप लावून फोटो पाठवायला सांगा.

९. घरी आल्यावर आणि मोच्याकडे

वापरलेला जोड आला की आतलं अस्तर पाणी मिसळलेल्या सर्जिकल स्पिरिटने पुसा, आधी कोपऱ्यात करून बघा. दोन दिवस सावलीत, हवेवर ठेवा. उन्हात किंवा ड्रायरसमोर कधीच नको. मग सॅडल सोपने (चामड्याच्या साबणाने) बाहेरून स्वच्छ करा, वाळल्यावर कंडिशनर (चामडं मऊ ठेवणारं मलम), शेवटी पॉलिश. एवढं करूनही कुबट वास किंवा बुरशीचे डाग राहिले तर पायात घालू नका.

मोची निवडताना आधी टाचेचं रबर बदलायला द्या, ते काम बघून मोठं काम द्या. माझ्या मोच्याने पहिल्या भेटीत माझा जोड उलटा करून सांगितलं, "भैया, तला मत बदलवाओ अभी, एक साल और चलेगा।" त्या दिवसापासून मी दुसरीकडे गेलो नाही. चामडी सोल असेल तर पावसाळ्याआधी त्याच्याकडून चवड्याखाली पातळ रबर लावून घ्या, ओल्या फरशीवर घसरणं थांबतं. वेल्टचं यंत्र गल्लीतल्या मोच्याकडे नसतं, त्यामुळे पूर्ण सोल बदलताना तो हाताने शिवणार की नुसता चिकटवणार, हे आधी विचारा.

१०. रोजचा वापर

बिनलेसचा बूट आपल्याला सोयीचा, कारण आपण दिवसातून दहादा बूट काढतो: घराच्या दारात, खजराण्याच्या गणपतीला, सत्यनारायणाला गेलो तर. पण तीच सोय बुटाचा जीव घेते. घाईत टाचेचा भाग दाबून पाय घुसवला की मागचा ताठ भाग मोडतो, आणि मोडला की पकड गेली. खिशात मावणारा छोटा शूहॉर्न ठेवा. एकदा घातल्यावर जोडाला दुसऱ्या दिवशी विश्रांती द्या आणि आत लाकडी शू ट्री (बुटाचा आकार टिकवणारे साचे) घाला, ते नसतील तर चुरगळलेला कागद.

एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हाळ्यात चामडं तहानतं, तेव्हा एकदा कंडिशनर लावा. पावसाळ्यात बंद डब्यात ठेवू नका. कापडी पिशवीत, सिलिका जेलच्या पुड्या घालून, हवा लागेल अशा जागी ठेवा आणि पंधरा दिवसांनी बाहेर काढून बघा.

गोंडा निसटला तर फेकू नका, खिशात टाका. चामड्याची एक पट्टी एका बाजूने झालरीसारखी कापून वाधीच्या टोकाभोवती गुंडाळलेली असते, एवढीच त्याची रचना. तोच गोंडा असेल तर मोची दहा मिनिटांत बसवून देतो. हरवला असेल तर दुसऱ्या बुटाचा गोंडा नमुना म्हणून सोबत न्या आणि शक्य असेल तर दोन्ही नवे करून घ्या. एकाच पट्टीतून कापलेले असले की रंग सारखा राहतो.